बोटिला आत्यानं केक परत केले तेव्हा

आमची बोटिला आत्या गेल्या फेब्रुवारीत गेली. कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेली, भिंतीपाशी बाकावर टेकली, आणि टेकली ती टेकलीच. निस काका, तिचा नवरा, खिडकीतून बघत होता, त्याला वाटलं ऊन खातेय.

तिचं सगळं सांगायला बसलं तर संपायचं नाही. लोक तिचे केक आठवतात, कुणी तिचं हसणं आठवतं. मी ती लिंडे घोडीवर बसली त्या वर्षाचं सांगते, कारण त्या वर्षी ती जशी होती तशी सगळ्यांना दिसली.

बोटिला अंगानं मोठी होती. दारातून आत आली की आधी ती यायची, मग मागून उजेड यायचा. पण लहानपणी काटकुळी होती म्हणे, माझे बाबा सांगायचे, वाऱ्यानं उडेल अशी. आजोबा कड्याच्या खेळातले पक्के स्वार होते. दर जुलैत गावाबाहेरच्या कुरणात दोन खांबांच्या कमानीत दोरीला एवढंसं कडं टांगतात, पांढरी विजार घालून स्वार घोडा सोडतो आणि धावत्या घोड्यावरून भाल्यानं ते कडं टिपतो. तेव्हा पोरींना त्यात घेत नव्हते. बोटिला चोरून, खोगीर न घालता, गाईच्या पट्ट्याचं कडं झाडाला टांगून सराव करायची. बायकांना घ्यायला लागले तेव्हा तिचं लग्न झालेलं. दोन उन्हाळे खेळली. मग पोटात मुलगी आली, गोठ्यात गाई वाढल्या, आणि भाला गेला माळ्यावर.

आणि मग कॉफी. आमच्याकडे बाईची अब्रू तिच्या कॉफीच्या टेबलावर असते. आधी गरम बन आणि लोणी, मग मऊ केक सात तरी, मग मलईचा मोठा, मग कडक बिस्किटं, तीही सात. हिवाळाभर आज हिच्याकडे, पुढच्या वेळी तिच्याकडे. आणि पाहुणीनं प्रत्येकातलं घ्यायचं म्हणजे घ्यायचं. एक जरी सोडलं तर त्याचा अर्थ एवढाच, की बाई, तुझ्या हाताला चव नाही. हा मुलूख जर्मनांच्या राज्यात होता तेव्हा आपल्या लोकांच्या सभागृहाला दारूचा परवाना मिळायचा नाही, म्हणून पणजोबा-खापरपणजोबा कॉफी आणि केक घेऊन बसायचे. ते राज्य गेलं, केक राहिले. बोटिलाच्या अंगावर जे होतं ते सगळं असं मानानं आलेलं होतं, बसून खाऊन आलेलं नव्हतं. दिवसभर राबायचीच ती.

लिंडे म्हणजे तिची घोडी. आजोबांच्या घोडीचं शेवटचं शिंगरू, बोटिलानं हातानं वाढवलेलं. तिच्यावर बोटिलाची मुलगी बसायची. मुलगी कोपनहेगनला शिकायला गेली आणि घोडी नुसतीच उभी राहायला लागली. तेव्हा एक दिवस बोटिला स्वतःच तिच्यावर चढली. कुणी बघू नये म्हणून खाडीकडच्या वाटेनं गेली. मग दुसऱ्या दिवशी गेली, मग रोजच जायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात खेळायचं असं मनात धरलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सप्टेंबरात लिंडे खोगीर घालताना अंग चोरायला लागली. गुरांचा डॉक्टर लोरेन्स आला. म्हातारा, तोंडानं फटकळ, पण हात असा हलका की गाय झोपेल. त्यानं घोडीच्या पाठीवरून बोटं दाबत नेली तशी ती खालीच वाकली.

"ओझं," लोरेन्स म्हणाला.

"माझं?"

"मग काय तुझ्या टोपीचं म्हणतोय? ही काय बिअरचा गाडा ओढणारी घोडी आहे का बोटिला? बारीक हाडाची आहे. वरून वय झालं. वसंतापर्यंत पाठीला विश्रांती. नंतर हलकं माणूस बसलं तर दोनचार उन्हाळे मजेत काढेल. तू बसलीस तर नाही."

निस तिथंच उभा होता. निस काका म्हणजे शब्दाचा माणूस, बोलायचा कमी पण बोलला की दगडावरची रेघ. त्याला वाटलं, बायकोला दुखतंय ते घोडीला दुखतंय म्हणून. त्यानं आपल्या परीनं तोड काढली. घोडेस्वारी शिकवणारा हिन्रिक होता ओळखीचा, त्याला त्यानं फोन केला. हिन्रिकला पोरांसाठी गरीब घोडी हवीच होती. ठरलं, की तोवर पाठ बरी होईल आणि जुलैत कड्याचा खेळ झाला की हिन्रिक लिंडेला घेऊन जाईल. निसनं शब्द दिला आणि मग स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

बोटिला बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं लोरेन्सला गाडीपाशी गाठलं. "किती उतरवायला लागेल?"

लोरेन्सनं तिच्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, परत तिच्याकडे. "पंचवीस किलो. आणि ते बापाचं जड खोगीर विसर."

"आणि उतरलं तर?"

"उतरलं तर बस. पण तुझ्याच्यानं काही..." पुढचं त्यानं गिळलं. तिचं तोंड बघूनच गिळलं असणार.

आता ह्या बाईनं काय करावं? तिनं खाणंच सोडलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी कडक पावाचा एक तुकडा, रात्री कोबीचं पाणी. असं काही दिवस चाललं. निसच्या ताटात मात्र डुकराचं मांस, बटाटे, तपकिरी रस्सा, सगळं व्यवस्थित. त्याला वाटलं तिचा दात दुखतोय.

मग एका सकाळी लोरेन्स एका अडलेल्या गाईसाठी आला तर बोटिला गोठ्यात बादली उपडी घालून बसलेली, तोंड दुधासारखं पांढरं.

"काय खाल्लंस?"

"कॉफी."

"काल?"

"काल पण."

लोरेन्सनं आधी गाय सोडवली. वासरू उभं राहिलं, मग हात धुता धुता म्हणाला, "हिवाळ्यानंतर घोडी कशी तयार करतेस तू?"

"कशी म्हणजे? रोज थोडी चालवते. आधी पायी, मग दुडकी. दाणा मापानं घालते, वेळेवर. गवत भरपूर. घाम आला की थांबवते."

"उपाशी ठेवतेस?"

"वेडा का तू? उपाशी घोडी बसेल की खाली!"

"मग?" असं म्हणून लोरेन्स टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या दिवसापासून बोटिलानं स्वतःला घोडीच्या हिशेबानं धरलं. सकाळी ओटची पेज, पोटभर. दुपारी राय धान्याचा काळा पाव आणि त्यावर मासा, पण लोणी मात्र खरवडून. आमच्याकडे लोणी लावायचं तर चावल्यावर दातांचा ठसा उमटला पाहिजे अशी रीत, तिथं तिनं पावाला नुसता वास दाखवायला सुरुवात केली. हिरव्या कोबीत डुकराची चरबी बंद. गाजरं, बीट, बटाटे मोजके. रस्सा निसला.

"हे मी पण खायचं का?" निसनं गाजराकडे बोट दाखवून विचारलं.

"तुला कोण खा म्हणतंय? तू तुझा रस्सा खा."

पण हळूहळू तोही गाजरं खायला लागला, कारण एकट्यानं रस्सा खाताना त्याला चोरासारखं वाटायचं.

आणि चालणं. लिंडेवर बसायचं नव्हतं पण तिला चालवायला तर हवंच. म्हणून रोज दोर हातात धरून बोटिला तिला घेऊन निघायची, खाडीपर्यंत आणि परत. वारा असला तरी, गारा पडल्या तरी. पहिल्यांदा तर गिरणीच्या चढावर लिंडे पुढं आणि बोटिला मागं, दोर ताणलेला. लोक कुंपणावरून विचारायचे, "बोटिला, तू घोडीला फिरवतेस का घोडी तुला?"

"अरे, दोघींत एक शहाणी लागते," ती म्हणायची, "कोण ते विचारू नको."

वजन दाण्याच्या दुकानात पोत्याच्या काट्यावर करायची. दुकानदार पाठ करून उभा राहायचा, तेवढी त्याला समज होती. काटा उतरत होता, सावकाश, पण उतरत होता.

अडचण कॉफीची. शेजारणींकडे जायचं कसं टाळायचं? टाळलं तर भांडण. गेलं तर चौदा केक. सगळ्यात मोठी पंचाईत मेटाची. मेटा म्हणजे तिची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण, शाळेपासूनची. मेटाचा रायच्या काळ्या पावाचा मलईवाला केक, आत काळ्या बेरीचा जॅम, त्याला आख्ख्या भागात तोड नव्हती आणि मेटाला ते माहीत होतं. बोटिला तिच्याकडे गेली आणि तिनं अर्धे केक तोंडात, अर्धे हातरुमालात आणि हातरुमाल पर्समध्ये असं केलं. घरी येईपर्यंत मलई पर्समधून कोटाला, कोटातून स्कर्टला. निसनं बघितलं आणि फडकं आणून दिलं.

जानेवारीत कॉफीची पाळी बोटिलावर आली. सगळ्या बायका तिच्याकडे येणार. ती रात्रभर तळमळली. चौदा केक करायचे म्हणजे चौदा चाखायचे, आणि बायकांबरोबर बसून परत खायचे. तिनं ठरवलं, खोटं नको. टेबलावर बन ठेवले, एक सफरचंदाचा केक ठेवला, आणि मधोमध एक वाडगाभर सफरचंदं. नुसती, न शिजवलेली.

बायका आल्या, बसल्या. टेबलाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, बाकीचं येतंय म्हणून. काही आलं नाही. बोलणं आटलं. कुणीतरी हवेबद्दल काढलं. मेटानं एक सफरचंद उचललं, हातात फिरवलं, परत ठेवलं.

"बोटिला," मेटा हळूच म्हणाली, "निस बरा आहे ना?"

"बराय की. का गं?"

"नाही, सहज."

नेहमी दिवे लागेपर्यंत बसणाऱ्या बायका त्या दिवशी उजेडातच उठल्या. दारात प्रत्येकीनं बोटिलाचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. तिला कळेना काय झालं.

कळलं दुसऱ्या दिवशी. सकाळी निस दूध घालायला बाहेर पडला तर पायरीवर केक. त्याच्या शेजारी दुसरा. खिडकीच्या कट्ट्यावर टोपलीत बिस्किटं, वर स्वच्छ फडकं. गाडीच्या टपावर एक. तो बघतोय तोवर फाटकातून आणखी एक बाई केक ठेवून मान खाली घालून पळाली. आमच्याकडे असं एकाच प्रसंगी होतं, घरात कुणी गेलं की.

निस आत आला. "बोटिला," तो म्हणाला, "आपण मेलो का?"

गावानं दोनच गोष्टी मनाशी धरल्या होत्या. एक, बोटिलाला पोटाचा मोठा आजार झालाय, म्हणून ती उतरत चाललीय. दुसरी, शेतावर बँकेची जप्ती आलीय. बाईनं एका केकवर टेबल मांडलं, तिसरं कारण असूच शकत नव्हतं. मेटानं तर रायच्या पावाचा तो केक दोन मजली करून आणला होता, रडत रडत केला म्हणे.

बोटिला केकांच्या मधोमध उभी राहिली आणि आधी हसली. खूप हसली. मग बसली आणि निसला सगळं सांगितलं. घोडीचं, लोरेन्सचं, पंचवीस किलोचं. लिंडे जायच्या आधी एकदा, एकच उन्हाळा, तिच्यावर बसून कमानीखालून जायचंय.

निस बराच वेळ टेबलावरचे कण बोटानं गोळा करत बसला.

"मला सांगितलं असतंस तर मी हिन्रिकला फोन केला नसता."

"मला सांगायची लाज वाटली."

"माझी?"

"माझी."

"शब्द दिलाय मी," तो म्हणाला. तो होताच तसा.

"मी कुठं म्हणते मोड. जुलै तर माझा आहे ना?"

मग बोटिलानं काय करावं? तिनं लिंडेच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टोपल्या बांधल्या, केकांचं वजन घोडीला काहीच नव्हतं, आणि गावात घरोघरी निघाली, केक परत करायला. प्रत्येक दारात सांगायची, "केक परत. माणूस ठणठणीत आहे. बँकेचं काही नाही. मला जुलैत घोड्यावर बसायचंय, म्हणून खात नाही." कुणी तोंडावर हात ठेवून हसलं. कुणी म्हणालं, "ह्या वयात?" एकीचा नवरा म्हणाला, "कमान जरा रुंद करायला सांगू का?" त्याला ती म्हणाली, "तू उभा राहा तिथं, तुझ्याच नाकात भाला घालते." सगळे हसले, तीही हसली.

मेटा हसली नाही. तिनं दारात केक घेतला, फडकं सरकवून बघितला. एक तुकडासुद्धा कापलेला नव्हता.

"मी रडत होते हा करताना," ती म्हणाली. "तू मरतेस असं वाटलं मला. आणि तुला नाचायचंय घोड्यावर. मला सांगायला काय झालं होतं?" आणि दार लावलं.

ते मात्र बोटिलाला लागलं. बाकी टवाळी तिनं झटकून टाकली. मेटाचं बोलणं बंद झालं. हिवाळ्याच्या उरलेल्या कॉफ्यांना बोटिलाला कुणी बोलावलं नाही, रागानं नाही, काय वाढायचं हेच कळेना म्हणून. काटा उतरत होता आणि घर शांत होत चाललं होतं. ती नंतर मला म्हणाली होती, भुकेचं काही वाटलं नाही गं, पण ते भरल्या खोलीत बसणं, ते गेलं.

एप्रिलात काटा अडला. तेच खाणं, तेच चालणं, आणि काटा जागचा हलेना. आठवडे गेले. एक दिवस दाण्याच्या दुकानातून बाहेर आली आणि तिथंच पोत्यांवर बसून रडली. दुकानदारानं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती लिंडेला घेऊन निघाली तर गिरणीच्या चढाखाली मेटा उभी. रबरी बूट घालून.

मेटा नुसती सोबत चालायला लागली. खाडीपर्यंत तिघी गेल्या. तिथं लिंडे पाणी प्यायला थांबली तेव्हा मेटा म्हणाली, "एवढंच सांग. माझ्या टेबलाशी परत बसणार आहेस का नाही?"

"बसेन की. पण चौदा नाही खाणार, मेटा."

"किती?"

"एक."

मेटानं तोंड खाडीकडे फिरवलं.

"कोणता ते तू सांग," बोटिला म्हणाली. "तू म्हणशील तो. आणि तो मी आख्खा तुकडा खाईन, पर्समध्ये नाही घालणार."

"म्हणजे पर्समध्ये घातलास तू?"

"मलई अजून निघाली नाही अस्तरातून."

मेटा खाडीकडे बघत राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. बोटिलाला वाटलं रडतेय. हसत होती.

तिथून मेटा रोज यायला लागली. चढावर बोटिलापेक्षा जास्त धापा टाकायची आणि वर म्हणायची, मी आपली सोबतीला येते. बोटिला तिच्याशी बोलायच्या नादात गिरणीचा चढ कधी चढायची तिचं तिलाच कळायचं नाही, मग तिनं वाट लांबवली, चर्चला वळसा घालून. मे संपताना काटा परत हलला. लोरेन्स आला, त्यानं लिंडेची पाठ दाबली, हलकं खोगीर घातलं आणि म्हणाला, "चढ. कुरणाला एक फेरी. चालत." बोटिला चढली. मेटा फाटक धरून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

जुलै आला तेव्हा दोन किलो राहिलेच होते. बोटिला लोरेन्सला म्हणाली, "राहिलेत अजून, खोटं नाही बोलत." लोरेन्सनं डोकं खाजवलं. "मग सकाळच्या फेऱ्या कर. जेवणाची सुट्टी झाली की उतर. दुपारी ऊन असतं, ती दमेल. कबूल?"

"कबूल."

खेळाच्या दिवशी बँडमागून सगळे स्वार गावातून गेले. बोटिला मागच्या ओळीत होती, पांढरी विजार घातलेली, खांद्यावर पट्टा. वडिलांचा भाला हातात. तिची मुलगी कोपनहेगनहून आली होती आणि ओळखायलाच तयार नव्हती. कुरणात दोरीपाशी सगळ्या शेजारणी ओळीनं उभ्या, ज्यांचे केक परत गेले होते त्यासुद्धा.

पहिलं कडं चुकलं. दुसरंही. कुणीतरी कमानीबद्दल काही बोलला आणि मेटानं त्याच्याकडे असं बघितलं की तो सॉसेज घ्यायला निघून गेला. तिसऱ्याला बोटिलानं लिंडेला मोकळं सोडलं, लगाम नुसता बोटांत, आणि भाला आपोआप कड्यात गेला. मग पुढचं. मग पुढचं. घोडीचे कान पुढं, मान लांब, जणू तिलाही ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीला माईकवरून नावं वाचली तर बोटिलाचं नाव वरच्या पाचांत होतं. लोक ओरडायला लागले.

ती उतरली. खोगीर सोडलं.

"अगं ए, काय करतेस?" मेटा दोरीखालून आत घुसली. "दुपारच्या फेऱ्या आहेत! जिंकशील तू!"

"झालं माझं."

"लोरेन्स, सांग ना हिला!"

लोरेन्स लिंडेच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बोटं मागेपर्यंत दाबत नेली. घोडी हललीसुद्धा नाही, गवत खात राहिली. "पाठ चांगली आहे," तो म्हणाला. बोटिलाकडे बघून म्हणाला, "बसायचं असेल तर बस. मी नाही अडवत."

"सकाळचंच ठरलं होतं," बोटिला म्हणाली आणि ओला स्पंज घेऊन घोडीचं अंग पुसायला लागली. जोरजोरात पुसत होती.

तेवढ्यात हिन्रिक आला. गाडीला घोड्याचा ट्रेलर लावूनच आला होता. निस कुंपणापाशी होता, बोटिलाची त्यांच्याकडे पाठ, पण आवाज येत होता.

"छान पळाली की," हिन्रिक म्हणाला. "चल, चढवू या का? संध्याकाळच्या गर्दीच्या आत निघतो."

बोटिलाचा स्पंज थांबला.

"निस?"

"नाही द्यायची ती," निस म्हणाला.

"म्हणजे? तू शब्द दिला होतास."

"हो. दिला होता."

"मग?"

"मोडला." निसनं टोपी काढली, परत घातली. "तुला दाण्याचं, येण्याजाण्याचं जे काय झालं ते मी बघतो. पण घोडी नाही. माझी बायको तिच्यावर बसते."

हिन्रिकचा आवाज आला. "तुझ्याकडून नव्हतं वाटलं, निस."

"मलाही नव्हतं वाटलं," निस म्हणाला. "चल, सॉसेज खा. लांबून आलायस."

बोटिलानं वळून बघितलं नाही. स्पंज बादलीत बुडवला, पिळला, आणि लिंडेच्या मानेवरून पाणी सोडत राहिली. निस हिन्रिकला घेऊन तंबूकडे गेला, तेव्हा त्याची चाल एखाद्या चोरीत पकडलेल्या माणसासारखी होती, पण कोपर मात्र त्यानं जाता जाता तिच्या पाठीला लावलं.